वणवा आणि श्वास – लेखांक 7 : ओल्या गमछ्याचं काय करायचं?

आज स्पायरोमेट्रीबद्दल, म्हणजे फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीबद्दल, लिहायचं ठरलं होतं. ती आता पुढच्या रविवारी. मेळघाटातल्या एका वनरक्षकांचं पत्र आलंय आणि त्याला रांगेत उभं करणं मला जमणार नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम, पाठीला ब्लोअर आणि तोंडाला गमछा. गमछा ओला केला की धूर गाळला जातो, असं जुनी माणसं सांगतात. खरं आहे का?

नाही. ठिणग्या, राखेचे कपटे, उडणारा पालापाचोळा यांना गमछा अडवतो, आणि तेही काही कमी नाही. पण लाकडाच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. सुती विणीतून हे कण आरामात आत जातात, मग कापड कोरडं असो की चिंब. ज्वाळेच्या जवळ तर ओलं कापड घातकच. गरम हवेत वाफ मिसळली की ती घशात जास्त उष्णता नेऊन सोडते. अमेरिकेतल्या वणवा-पथकांना म्हणूनच रुमाल कोरडा ठेवायला शिकवतात.

ओल्या कापडाचा विषय निघाला की मला एड पुलास्की आठवतोच. 20 ऑगस्ट 1910. आयडाहोतल्या वॉलेस गावाजवळच्या डोंगरात हा वनाधिकारी आणि त्याची सुमारे 45 माणसं आगीच्या कोंडीत सापडली. त्याने सगळ्यांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंबलं. बाहेर पळू पाहणाऱ्यांवर त्याने पिस्तूल रोखलं, बोगद्याच्या तोंडावर ओली घोंगडी टांगली, आणि टोपीने पाणी मारत तो तिथेच उभा राहिला. घोंगड्यांनी ज्वाळा अडवल्या, धूर नाही. एकेक करत सगळे बेशुद्ध पडले. पाच जण आतच गेले, बाकीचे वाचले. पुलास्की जगला, पण त्याचे डोळे आणि फुफ्फुसं अधू झाली ती झालीच. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं जे हत्यार आज तिथल्या प्रत्येक पथकाकडे असतं, ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

हे हत्यार आग आटोक्यात आल्यावरही खूप चालतं. तिकडे त्या कामाला ‘मॉप-अप’ म्हणतात. जळके ओंडके उलथायचे, बुंध्याखालची धग उकरायची, राखेत माती-पाणी कालवायचं, मग हातमोजा काढून हाताची मागची बाजू जमिनीजवळ फिरवत कुठे ऊब उरली आहे का ते पाहायचं. तोंड जमिनीपासून हातभर अंतरावर. आणि धुमसणारं लाकूड पेटलेल्या लाकडापेक्षा किलोमागे कितीतरी जास्त कण आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतं. चुलीत ओलं सरपण घातलेल्या कुणालाही हे मी सांगायला नको. फोटोत येते ती ज्वाळा. छातीत जातो तो या कंटाळवाण्या कामातला धूर. शिवाय राहुटी बहुधा दरीत, आणि रात्री थंड हवेबरोबर धूरही दरीतच उतरतो. म्हणजे झोपेतही सुटका नाही.

मग शहरातल्या फायरमनसारखा सिलिंडर का नाही? तो दहा किलोंच्या पुढे भरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात संपतो. तिकडे वणव्यावर पाळी 12 ते 16 तासांची, तीही सलग 14 दिवस. उरतो एन-95 मास्क. अमेरिकेच्या वनसेवेने आघाडीवर त्यालाही वर्षानुवर्षं मनाई केली होती. कारण दिलं जायचं उष्माघाताचं. कारण खोटं नाही. बसल्या जागी मिनिटाला 6-8 लिटर हवा पुरते, चढावर कुदळ मारताना 40 च्या वर लागते, आणि अशा वेळी तोंडावर काहीही नकोसं होतं. पण मॉप-अपला हे कारण लंगडं पडतं. तिथे काम संथ असतं आणि धूर सर्वांत वाईट. मास्क जिथे सहज सोसवेल, नेमका तिथेच तो सर्वांत जास्त हवा. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आग विझवण्याचा पेशा कर्करोगकारक ठरवला. तरी वनसेवेचं मास्क पुरवण्याचं धोरण यायला सप्टेंबर 2025 उजाडला, आणि अजूनही तो ऐच्छिकच आहे.

तेव्हा वनरक्षकसाहेब, गमछा बांधा, पण कोरडा आणि मानेला, ठिणग्यांसाठी. जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर, धावपळ चालू असताना मास्क झेपला नाही तर समजू शकतो. पण खोडं विझवायला बसाल तेव्हा एन-95 लावा, आणि दाढी वाढली असेल तर आधी ती काढा. कडेने हवा शिरली की मास्क असून नसल्यासारखा. एक मात्र ध्यानात असू द्या : कार्बन मोनॉक्साइड हा वायू, तो मास्कमधूनही येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, की मास्क चाचपत बसू नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा, सोबत्यालाही ओढून न्या, आणि तास-तासाने माणसं बदलायला साहेबांना सांगा. ब्लोअरच्या स्वतःच्या धुराबद्दल तुम्ही विचारलंय, तो स्पायरोमेट्रीनंतरच्या आठवड्यात.