साथ आली, कॉलेज बंद झालं... पुढे काय?

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला आणि शाळा-कॉलेजांना टाळं लागलं. त्या आठवड्याचा धडा प्रत्येक कॉलेजने गिरवावा असा आहे. बाहेरगावी मूल शिकायला ठेवलेल्या प्रत्येक घरानेही.

३ ऑगस्ट २००९. पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला या आजाराचा हा पहिला बळी. परदेशातून येणाऱ्यांचा म्हणून जो आजार तोवर लांबचा वाटत होता, तो एका दिवसात दाराशी येऊन उभा राहिला.

नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. दुकानांतले मास्क संपले. ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, ओढणी गुंडाळली. कुणी कापूर-वेलचीची पुरचुंडी जवळ बाळगली, कुणी निलगिरीच्या तेलावर भिस्त ठेवली. या वासांनी नाक मोकळं होत असेल, पण विषाणू मरत नाही, हे डॉक्टर सांगत राहिले. मात्र घाबरलेल्या माणसाला हातात काहीतरी हवं असतं!

पुढच्या आठवड्यात प्रशासनाने निर्णय घेतला. पुण्यातल्या शाळा-कॉलेजांना एक आठवडा सुटी, चित्रपटगृहं आणि मॉल तीन दिवस बंद. पाठोपाठ मुंबईतही तसंच झालं.

सुटी मिळाली, मुलं निघाली

शाळा बंद करण्यामागचं गणित सरळ आहे. फ्लू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो. एका बाकावर तीन-तीन मुलं बसली, की एकाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला वेळ लागत नाही. मुलं घरी राहिली तर साखळी तुटते. भारतातल्या २००९च्या साथीचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा सुट्यांच्या काळात फैलावाचा वेग मंदावल्याचं दिसलंही.

पण शाळकरी मूल सुटीत घरी असतं, आईच्या नजरेसमोर. कॉलेजच्या मुलाचं तसं नाही. पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली हजारो मुलं इथे होस्टेलवर किंवा पेठांमधून कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत तिघं-चौघं, सामाईक न्हाणीघर आणि दोन वेळा मेस. कॉलेज बंद झालं तरी ही गर्दी तशीच राहते. आणि मुलं बॅगा भरून गावाला निघाली, तर आजारही त्यांच्याबरोबर एस.टी.त बसतो.

कारण हा पाहुणा चोरपावलांनी येतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत ताप येतो. ताप येण्याच्या एक दिवस आधीपासूनच ते मूल दुसऱ्याला आजार देऊ शकतं. म्हणजे ठणठणीत दिसणारा मुलगा संध्याकाळी गाडीत बसतो, सकाळी गावी आजीच्या पाया पडतो आणि दुपारी त्याचं अंग तापतं.

एकत्र राहणाऱ्या मुलांत फ्लू किती झपाट्याने पसरतो, हे महाराष्ट्राने त्याच वर्षी पाहिलं होतं. जून-जुलै २००९मध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक विद्यार्थी आजारी पडल्याचं त्यात दिसलं. होस्टेल चालवणाऱ्या कोणत्याही संस्थेने हे उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावं.

तरुणांचा आजार

फ्लू म्हटलं की आपल्याला म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं आठवतात. २००९चा विषाणू, एच-१ एन-१, याला अपवाद ठरला. जगभरातल्या त्याच्या बळींपैकी सुमारे ८० टक्के लोक ६५ वर्षांखालचे होते, असा अंदाज आहे. वयस्कर लोकांपैकी अनेकांचा त्याच्यासारख्या विषाणूशी तरुणपणी सामना झालेला होता, त्यामुळे त्यांच्या शरीराला थोडी ओळख होती. तरुणांना ती नव्हती.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला याचा अनुभव लगेच आला. ऑगस्ट २००९मध्ये तिथे नवं सत्र सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी फ्लूसारखी लक्षणं असल्याचं कळवलं. तरी विद्यापीठ बंद झालं नाही. आजारी मुलांनी खोलीतच थांबावं, वर्गात येऊ नये, असं सांगण्यात आलं. थर्मामीटर, वेदनाशामक गोळ्या, घशाच्या गोळ्या, टिश्यू आणि हात स्वच्छ करायचं जेल असं साहित्य मुलांना फुकट मिळालं.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने तर एक अख्खं वसतिगृह आजारी मुलांसाठी राखून ठेवलं. मुलांनी त्याचं नाव पाडलं ‘क्लब स्वाइन’! नाव गमतीचं, पण सोय खरी. आजारी मुलगा खोलीतल्या सोबत्यांपासून वेगळा झाला आणि घरापर्यंतचा प्रवासही टळला.

खरी अडचण हजेरीची

आपल्याकडे मुलं ताप का लपवतात? हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, ही पहिली भीती. प्रॅक्टिकल चुकलं तर पुन्हा मिळेल का, ही दुसरी. आणि घरी कळलं तर आई-बाबा घाबरतील, ही तिसरी. मग मुलगा पॅरासिटामॉलची गोळी घेतो, ताप उतरवतो आणि वर्गात येऊन बसतो. गोळीने ताप दबतो, संसर्ग नाही. शेजारच्या चौघांना तो मिळतो.

म्हणून कॉलेजच्या तयारीची सुरुवात एका सूचनेने व्हायला हवी. तापाच्या दिवसांची हजेरी कापली जाणार नाही, बुडालेलं प्रॅक्टिकल पुन्हा घेतलं जाईल. सूचनाफलकावरच्या या दोन ओळींना पैसा लागत नाही, पण त्यामुळे मुलं वेळेवर बोलू लागतात.

दुसरी गोष्ट जागेची. होस्टेलमध्ये दोन-तीन हवेशीर खोल्या पावसाळ्यापूर्वीच राखून ठेवाव्यात आणि शक्यतो त्यांचं न्हाणीघर वेगळं असावं. २०२०मध्ये कोविड आला, तेव्हा अशा खोल्यांची किंमत सगळ्यांनाच कळली. तिसरी गोष्ट माणसाची. आजारी मुलाचा डबा दारापर्यंत कोण नेणार, दिवसातून दोनदा ताप कोण मोजणार, रात्री गाडी लागली तर फोन कुणाला करायचा, ही नावं आधीच ठरलेली असावीत. कॉट बेसिसवर राहणारी मुलं वॉर्डनच्या नजरेत येत नाहीत, त्यांच्यासाठी कॉलेजने एका प्राध्यापकावर जबाबदारी सोपवावी.

घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं?

२००९मध्ये सौम्य ताप असलेलेही तपासणीच्या रांगेत उभे राहिले आणि रांगांतच गर्दी झाली. तेव्हा केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट केले. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी असलेले ‘अ’ गटात. त्यांना चाचणीची गरज नाही, विश्रांती घ्यावी आणि इतरांत मिसळू नये. जास्त ताप आणि घसा फार दुखणारे, तसंच गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले ‘ब’ गटात. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा, गरज वाटल्यास डॉक्टर ऑसेल्टामिविर हे औषध देतात. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर अधिक उपयोगी पडतं. धाप लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळसर होणं ही लक्षणं ‘क’ गटाची. तिथे तासाचाही उशीर नको, थेट रुग्णालय गाठायचं.

२०१०मध्ये या विषाणूवरची लस भारतात तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. आज एच-१ एन-१ नेहमीच्या फ्लूचाच भाग झाला आहे आणि वार्षिक लशीत त्याचा समावेश असतो. पुण्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, चेन्नई-वेल्लोरकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात. म्हणून लस घ्यायची तर आपल्या भागातल्या पावसाआधी, डॉक्टरांना विचारून घ्यावी.

बाहेरगावी मूल शिकायला असेल तर...

• सामानात थर्मामीटर आणि मास्क द्या.
• त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा, वॉर्डनचा आणि जवळच्या डॉक्टरांचा फोन नंबर घरी लिहून ठेवा.
• ताप आल्यावर लगेच प्रवास करायला लावू नका. तब्येत सांभाळता येत असेल तर तिथेच विश्रांती घेऊ द्या. काळजी वाटत असेल तर घरातल्या एकाने तिकडे जावं.
• औषध न घेता ताप पूर्ण उतरल्यावर किमान २४ तास तरी वर्गात जाऊ नये.
• मनाने अँटिबायोटिक घेऊ नये, विषाणूवर त्याचा उपयोग होत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना फ्लूच्या तापात अॅस्पिरिन देऊ नका.
• कॉलेजात प्रवेश घेताना फी आणि मेसबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: ‘मूल आजारी पडलं तर तुमच्याकडे काय व्यवस्था आहे?’

हा प्रश्न दहा पालकांनी विचारला, तर अकराव्याला त्याचं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं मिळेल.