दूर असलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे सभेपर्यंत कसे पोहोचेल?

सोयाबीनची काढणी आटोपली आणि दिवाळी सरली, की हिंगोली जिल्ह्यातील अनेक वाड्या-तांड्यांवरील कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. या चार-पाच महिन्यांच्या अवधीत गावी व तालुक्याच्या ठिकाणी शेतीविषयक सभा होतच असतात. प्रशिक्षण कोणते घ्यावे, प्रात्यक्षिक कोणत्या गावी ठेवावे, अभ्यासदौऱ्यास कोणास पाठवावे, यांचा विचार त्या सभांत होतो. ज्यांच्या कोरडवाहू तुकड्याला या साहाय्याची गरज अधिक, नेमके तेच सभेला नसतात.

कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेत, म्हणजे आपण ज्या योजनेला ‘आत्मा’ म्हणून ओळखतो तिच्यात, तालुका शेतकरी सल्लागार समितीची योजना आहे ती याचसाठी. कार्यक्रम वरून ठरून येऊ नये, शेतकऱ्यांच्या गरजेतून तो उभा राहावा, हा तिचा हेतू होय. परंतु समितीला सल्ला मिळतो तो सभेत येऊ शकणाऱ्यांचाच. पीक पाहावयाचे तर शेताच्या बांधावर उभे राहून भागत नाही, आत शिरावे लागते. गावाच्या गरजेचेही तसेच आहे.

ऊसतोडीस गेलेल्यांचीच ही अडचण आहे असे नाही. वसमत, औंढा, कळमनुरी या भागांत हळद हे नगदी पीक आहे. तिची काढणी, शिजवणी व वाळवणी या कामांत स्त्रियांचे श्रम मोठे असतात. त्याच दिवसांत तालुक्याला सभा ठेवली, तर त्या भगिनीला दिवसाची मजुरी बुडवून, एस. टी.चे भाडे खर्चून यावे लागते. साहजिकच ती येत नाही. आणि हळद शिजवण्याचे प्रशिक्षण शिजवणारीला न विचारताच ठरते.

या अडचणीवर दूरध्वनी व दृक्‌श्राव्य सभा हा एक उपाय आज आपल्या हाती आहे. दुरून सहभागी होण्याची कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. ठरलेल्या दिवशी गावकरी रेडिओभोवती जमत, शेती व ग्रामसुधारणेवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. ऐकणे, चर्चा करणे व कृती करणे हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. त्या वेळी हिंगोलीचा मुलूख हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे हा प्रयोग आपल्याकडे झाला नाही. त्यातील धडा मात्र आपणही घ्यावा असा आहे. तो प्रयोग केवळ रेडिओवर उभा नव्हता. गावात एकत्र बसणारा गट होता, चर्चा चालविणारा माणूस होता आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत होते. यंत्र हे केवळ साधन होते.

दुसरा धडा अलीकडचा आहे. 2020 साली कोविडच्या साथीमुळे ग्रामसभा काही काळ स्थगित ठेवाव्या लागल्या आणि राज्यातील अनेक स्थानिक संस्थांच्या सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्यात आल्या. सभा अशा रीतीने चालू शकते हे त्यावरून सिद्ध झाले. आवाज नीट पोहोचत नाही, बोलण्याची संधी मिळत नाही, अशा तक्रारीही पुढे आल्या.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे सांगणे उचित होईल. एका सभेत एक भगिनी मोबाइलवरून सहभागी झाली होती. तिचा आवाज मध्येच तुटत होता, सभागृहात गलबला होता आणि पुढच्या विषयाची घाई होती. इतिवृत्त लेखकानेच लिहिले. त्यात तिचे नाव उपस्थितांत आले, तिचे म्हणणे मात्र कोठेच आले नाही. पुढे भेट झाली तेव्हा तिने विचारले, “साहेब, माझं नाव लिहिलंत, मग बोललेलं का नाही लिहिलंत?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. जोडले जाणे म्हणजे सहभाग नव्हे, हे त्या दिवशी कळले. दूरस्थ माणसाचे म्हणणे ऐकले गेले, नोंदले गेले व त्याला उत्तर मिळाले, तरच तो सहभाग होय.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

सभेपूर्वी : विषयपत्रिका निदान आठ दिवस आधी पोहोचवावी. लेखी कागदाबरोबर दोन-तीन मिनिटांचा बोललेला संदेशही मोबाइलवर पाठवावा, म्हणजे वाचता न येणाऱ्यासही विषय कळेल. तांड्यावर हाच संदेश गोरमाटी बोलीत गेल्यास अधिक चांगले. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचे चालू क्रमांक ती गाव सोडण्यापूर्वीच टिपून ठेवावेत.

ऊसतोड करणारा माणूस सकाळी अकरा वाजता फडात असतो, त्याला त्या वेळी सभेस जोडण्याचा आग्रह व्यर्थ आहे. त्याने आदल्या रात्री कोपीवर बसून आपले म्हणणे मोबाइलवर बोलून पाठवावे आणि ते सभेत सर्वांना ऐकवावे. दुरून सहभागी होण्यासाठी त्याच क्षणी हजर असलेच पाहिजे असे नाही. गावात राहणाऱ्यांनी मात्र एकेकट्याने बसण्यापेक्षा ग्रामपंचायतीत वा शाळेत पाच-दहा जणांनी एकत्र बसावे. एकच चांगला दूरध्वनी सर्वांना पुरतो, आणि आपसांतील चर्चेने मुद्दा पक्का होतो.

सभेच्या वेळी : दूरस्थ सदस्यांचे म्हणणे प्रत्येक विषयावर प्रथम घ्यावे. शेवटी घेतो म्हटले की वेळ उरत नाही आणि जोडणीही तुटते. बोलणाऱ्याने आरंभी आपले नाव व गाव सांगावे. सभागृहात एका कर्मचाऱ्याकडे केवळ दूरस्थ सदस्यांकडे लक्ष ठेवण्याचे काम द्यावे. जोडणी तुटल्यास त्याने साधा दूरध्वनी करून म्हणणे टिपून घ्यावे व ते सभेत वाचून दाखवावे.

सभेनंतर : इतिवृत्तात कोणी काय सुचविले व त्यावर काय ठरले, हे दोन्ही लिहावे. सूचना मान्य झाली नसल्यास तिचे कारण लिहावे. ज्याने सूचना केली त्याला आठ दिवसांच्या आत उत्तर कळवावे. उत्तर आले नाही, तर तो पुढच्या सभेला दुरूनही येणार नाही.

याबरोबर एक मर्यादाही ध्यानी ठेवावी. सल्लागार समितीचे काम सल्ला देण्याचे आहे, म्हणून तेथे दुरून आलेले म्हणणे ऐकण्यास वाव अधिक आहे. ग्रामसभा ही कायद्याने घडविलेली सभा होय. एकूण मतदारांच्या 15 टक्के अथवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती तिला लागते. मोबाइलवरील आवाज या उपस्थितीच्या जागी आपल्या अधिकारात मोजू नये. समितीच्या सभेतही दूरस्थ सदस्याची हजेरी कशी धरावी, हे अध्यक्ष व वरिष्ठ कार्यालय यांच्याकडून आधी ठरवून घ्यावे. शिवाय ज्याच्याकडे मोबाइल नाही वा ज्याच्या तांड्यावर संपर्कच मिळत नाही, त्याच्या दारी जाण्याचे आपले कर्तव्य या साधनामुळे संपत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनाही एक विनंती आहे. आपण गावी नसाल, तरी आपली जमीन गावीच आहे. तिच्याविषयी जे ठरेल त्यात आपला शब्द असावा. सभेची तारीख विचारा, म्हणणे आधी कळवा आणि इतिवृत्तात ते आले आहे की नाही हेही विचारा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात निदान एका सभेत हा क्रम पाळून पाहावा. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाला मृगापूर्वी जेव्हा कळेल की आपण कोपीवरून सुचविलेले प्रात्यक्षिक आपल्याच शिवारात होणार आहे, तेव्हा पुढील सभेचे निमंत्रण त्याला दुसऱ्यांदा देण्याची गरज पडणार नाही.