उतारवयातील कान आणि घरातील स्पीकर

‘गाण्यात पूर्वीचा गोडवा राहिला नाही,’ हे उद्गार सत्तरी गाठलेल्या माणसांच्या तोंडून आपण नेहमी ऐकतो. अभिरुचीचा प्रश्न आहे असे समजून घरातली तरुण मंडळी ते हसण्यावारी नेतात. परंतु ज्या गाण्यांवर आयुष्य गेले, ती गाणीही वडीलधाऱ्यांना ‘पूर्वीसारखी लागत नाहीत’ असे वाटू लागले, तर दोष गाण्याचा नसतो. एक तर कान बदललेले असतात किंवा ज्यातून आवाज येतो ते यंत्र त्या कानांना सोयीचे नसते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. त्यातून मग रेडिओ लावणे कमी होते, दूरदर्शन संचाच्या आवाजावरून घरात कुरबुरी होतात आणि गाण्याचा शौकीन माणूस हळूहळू खोलीत एकटा बसू लागतो. माझ्या दवाखान्यात अशी माणसे झोप येत नाही, करमत नाही, अशा तक्रारी घेऊन येतात. कानांविषयी ती क्वचितच बोलतात.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाकडच्या पेशी खर्जाचे. वयोमानाने प्रथम झिजतात त्या तोंडाजवळच्या. म्हणून उतारवयातील ऐकू न येणे सरसकट नसते. वरच्या पट्टीतले आवाज आधी विरतात. भाषेत स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, त, क या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग साधारण 2000 हर्ट्झच्या वर असतो. साहजिकच ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. आवाज येतो, पण शब्द उमगत नाहीत. गाण्यातही तेच घडते. तबल्यातला डग्गा घुमतो, चाटीची टीप हरवते. तानपुऱ्याची गुंज उरते, जवारीचा झंकार ऐकू येत नाही.

यावर आवाज वाढवणे हा सर्वांना सुचणारा उपाय. तो फारसा उपयोगाचा नाही. आवाज वाढवला की खर्ज आणि तार दोन्ही वाढतात, आणि वाढलेला खर्ज शेजारच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतो. शिवाय झिजलेल्या कानाची एक विचित्र खोड असते. हळू आवाज त्याला ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढताच तो एकदम असह्य होतो. ‘मोठ्याने बोला’ म्हणणारे आजोबा पुढच्याच क्षणी ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात. त्यात तिरसटपणा नाही, कानाची रचनाच तशी झालेली असते.

स्पीकर खरेदी करण्याची वेळ येते तेव्हा हे ज्ञान कामाला येते. दुकानात आपल्याला प्रथम ऐकवले जाते ते धडधडणारे एखादे चित्रपटगीत, आणि दाखवला जातो तो हजारो वॅटचा आकडा. खोक्यावर ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेला आकडा वाचूच नये. तो केवळ भुलावण्यासाठी असतो. पाहायचाच तर ‘आरएमएस’चा आकडा पाहावा. आणि तोही लहान असला तर बिघडत नाही. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसांना नाट्यगीत ऐकायचे असेल, तर वीस-पंचवीस खरे वॅट पुष्कळ झाले.

वेगळे सबवूफर असलेले संच ज्येष्ठांच्या घरी मी सहसा सुचवत नाही. आमच्याकडे येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक ‘संध्याकाळी छातीत धडधडते’ म्हणून आले. ईसीजी निर्दोष, रक्तदाब ठीक. बोलता बोलता कळले की मुलाने दिवाळीत आणलेले सबवूफर त्यांच्या आरामखुर्चीच्या मागेच ठेवलेले होते! ते हलवले आणि धडधड थांबली. इमारतीत राहणाऱ्यांना तर ते खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचाही रोष ओढवून देते.

मग घ्यावे काय? साधारण दहा ते वीस हजार रुपयांत, ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो अशा ‘ॲक्टिव्ह’ बुकशेल्फ स्पीकरांची जोडी मिळते. वेगळा ॲम्प्लिफायर नको, त्याची जोडणी नको. प्रत्येक पेटीत चार-पाच इंची वूफर आणि त्याच्यावर वेगळा छोटा ट्वीटर असावा. व्यंजनांचे आणि झंकाराचे काम ट्वीटर करतो. आवाज, बास आणि ट्रेबल यांसाठी तीन वेगळ्या फिरवायच्या कळी असाव्यात. त्या पेटीच्या मागे नकोत. समोर किंवा बाजूला, हाताला सहज लागतील अशा असाव्यात. ट्रेबल थोडा वर आणि बास थोडा खाली, एवढ्या फेरफाराने पुष्कळ वृद्धांना शब्द सुटे ऐकू येऊ लागतात. मात्र ट्रेबल अगदी टोकाला नेला, तर ‘स’ची शिटी वाजते आणि तरुण माणसे खोली सोडून जातात. रिमोट आवश्यकच. त्याची बटणे मोठी असावीत आणि काळ्यावर पांढरी अक्षरे असली तर उत्तम. ज्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली असतात ते कारवाँसारखे संच हाताळायला फार सोपे असतात आणि एकट्या राहणाऱ्या आजींसाठी ती सोय मोलाची आहे. पण एवढ्याशा पेटीतून मैफलीचा भरीवपणा येत नाही, हेही खरे.

रूपाचा विचार करणे उथळपणाचे आहे, असे मी मानत नाही. दिवाणखान्यात शोभेल अशी वस्तूच तेथे टिकते. न शोभणारी दोन महिन्यांत माळ्यावर जाते. जुन्या मर्फी किंवा फिलिप्स रेडिओचे लाकडी खोके देखणे होते, आणि त्या ऐसपैस खोक्यामुळेच त्यांचा आवाज उबदार लागे. आजही सागवानी फर्निचरशी जुळणारा लाकडी मुलामा मिळतो. मात्र मुलाम्याखालची पेटी भक्कम असावी. बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे. मडके घेताना आपल्याला टणक नाद हवा असतो. येथे नेमके उलटे, आवाज मुका आला पाहिजे. समोर कापडी जाळी असेल तर धूळ आणि नातवंडांची बोटे दोन्ही दूर राहतात. पण घरी आणल्यावर त्यावर हौसेने शिवलेला जाड अभ्रा घालू नये. त्याने उंच स्वर अडतात आणि आतला ॲम्प्लिफायर तापतो. फुलदाणी आणि तसबिरीही वर ठेवू नयेत, त्या आवाजाबरोबर खडखडतात.

खरेदीला जाताना ज्यांच्यासाठी स्पीकर घ्यायचे आहेत त्यांना सोबत न्यावे. मुले परस्पर वस्तू आणून आश्चर्याचा धक्का देतात. कानांच्या बाबतीत ते योग्य नव्हे, कारण तिशीतला कान सत्तरीतल्या कानाची परीक्षा देऊ शकत नाही. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातली तपकीर गल्ली, संध्याकाळच्या गर्दीत तेथे काहीच नीट ऐकू येत नाही. सकाळी दुकान उघडताच जावे, बसायला खुर्ची मागावी आणि आपली ध्वनिमुद्रिते सोबत न्यावीत. गीतरामायण 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झाले तेव्हापासून ज्यांच्या घरात आहे, त्यांना त्यातला बाबूजींचा आवाज कसा लागला पाहिजे हे दुकानदाराने सांगावे लागत नाही. आवाजाचा पोत पारखायला असे जिवाभावाचे गाणे उत्तम. पण शब्दांचा स्पष्टपणा पारखायला ते निरुपयोगी! पाठ असलेले शब्द मेंदू स्वतःच भरून काढतो आणि आपल्याला वाटते की ऐकू आले. पु. लं.ची कथाकथनेही ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांनी या परीक्षेसाठी टाळावीत. त्या दिवसाच्या बातम्या किंवा पूर्वी न ऐकलेले एखादे व्याख्यान मोबाइलवरून लावावे, आवाज बेताचा ठेवावा आणि प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायला सांगावे. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावावे; जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते.

घरी आणल्यावर जागा नीट निवडली, तर मध्यम किमतीचे स्पीकर महागड्यांच्या तोडीचे वाजतात. उंच स्वर सरळ रेषेत जातात, म्हणून ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीत बसल्यावर ती उंची जमिनीपासून साधारण तीन-सव्वातीन फूट भरते. कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला स्पीकर पंख्याला गाणे ऐकवतो. कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो. भिंतीपासून अर्धा-पाऊण फूट पुढे ठेवावा. सर्वांत मोठा लाभ अंतर कमी करण्यात आहे. खुर्ची आणि स्पीकर यांतले अंतर निम्मे केले की थेट कानावर येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, कळ न फिरवता! गुळगुळीत लाद्या आणि उघड्या भिंतींच्या खोलीत शब्द घुमून एकमेकांत मिसळतात. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट यांनी तो घुमारा बराच कमी होतो.

वायर चालण्याच्या वाटेवर कदापि नको. मांडीचे हाड मोडून आलेल्या कितीतरी वृद्धांच्या पायात असेच काहीतरी क्षुल्लक अडकलेले असते. वायर भिंतीच्या कडेने पट्टीत बसवून घ्यावी. सतरंजीही पायात गोळा होणार नाही अशी घट्ट बसवावी. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी समोर बसून गाणे खुशाल ऐकावे. पण स्पीकरमध्ये शक्तिशाली लोहचुंबक असते, म्हणून तो छातीशी कवटाळून उचलू नये, किमान एक वीत अंतर ठेवावे.

एका कानाने कमी ऐकू येत असेल तर स्टिरिओतली अर्धी वाद्ये हरवल्यासारखी होतात. मोबाइलच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ‘मोनो ऑडिओ’ नावाची सोय असते, ती सुरू करावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना संगीत कर्कश किंवा फाटल्यासारखे वाटते, कारण यंत्र मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेले असते. श्रवणतज्ज्ञाकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवून घेता येतो.

हे सर्व करण्याआधी एकदा कान तपासून घ्यावेत, एवढा आग्रह मात्र डॉक्टर या नात्याने धरतो. साचलेला मळ काढल्यावर नव्या स्पीकरांची गरजच उरली नाही, अशी उदाहरणे आहेत. ऑडिओमेट्री ही वेदनारहित तपासणी असून तिला फार वेळ लागत नाही. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष होणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2017 पासून वारंवार नोंदवले आहे. आणि एका कानाचे ऐकणे अचानक, तासाभरात किंवा एका रात्रीत गेले, तर यंत्रांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.

आवाज किती ठेवावा? प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. घरगुती कसोटी सोपी आहे: शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी आणखी थोडे. स्पीकर उशाशी नको, पायथ्याकडे नजरेसमोर ठेवावा, म्हणजे आवाज कुठून येतो हे त्यांना कळते. त्यांच्या विशी-पंचविशीतली गाणी निवडावीत. दिवसभर न लावता अंघोळीनंतर किंवा तिन्हीसांजेला, जेव्हा जीव कासावीस होतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास लावावीत. मध्ये जाहिराती येणार नाहीत असे पाहावे. त्या अनोळखी आवाजांनी ही माणसे दचकतात. चेहरा पाहत राहावे. पायाचा अंगठा ताल धरू लागला तर गाणे चालू द्यावे; कपाळाला आठ्या पडल्या, हात चादरीशी चाळे करू लागले, तर हळूहळू आवाज कमी करत बंद करावा.