घरचे बी पेरण्यापूर्वी



सातपुड्याच्या पायथ्याशी अनेक आदिवासी कुटुंबे गव्हाचे बी घरचेच ठेवतात. बी दिसायला चांगले असते, पण काणी रोगाची बुरशी दाण्याच्या आत लपलेली असू शकते. ओंबी बाहेर पडते तेव्हा दाण्यांच्या जागी काळी भुकटी दिसते. ती वाऱ्याने इतर ओंब्यांच्या फुलोऱ्यावर पडते आणि पुढच्या वर्षाचे बीही बाधते. म्हणून पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ७५ टक्के कार्बोक्झिन २.५ ग्रॅम, हातमोजे घालून, सारखे चोळावे. अ‍ॅझोटोबॅक्टर लावायचे असल्यास ते त्यानंतर लावून बी सावलीत सुकवावे.

पानांवरचा तांबेरा मात्र वाऱ्यावर येतो. त्याला एवढी प्रक्रिया पुरत नाही. तांबेरा-प्रतिकारक वाण आणि वेळेवर पेरणी हवी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषध लावलेले उरलेले बी दळू नये, कोंबड्यांनाही घालू नये. टंचाईच्या घरात पसाभर गहू वाया घालवणे जिवावर येते. म्हणून पेरणीपुरतेच बी मोजून त्यालाच औषध लावा, असे आम्ही सांगतो. आपण बियाण्यासाठी मदत द्याल, तेव्हा हातमोज्यांचाही विचार करावा.