पॅकेजला कोणत्या लायब्रऱ्या लागतात, हे कसं शोधायचं

लिनक्सवर एखाद्या प्रोग्रामचं पॅकेज बनवताना एक ओळ फार जपून भरावी लागते. हा प्रोग्राम चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतील, हे सांगणारी ती ओळ. त्यातलं एखादं नाव राहून गेलं तर बनवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या मशीनवर ती लायब्ररी आधीपासूनच असते. वापरणाऱ्याकडे मात्र प्रोग्राम सुरूच होत नाही. अमुक शेअर्ड फाइल उघडता आली नाही, एवढं सांगून तो थांबतो. म्हणून ही ओळ आठवणीवर किंवा अंदाजावर कधीच लिहू नये. खरं उत्तर प्रोग्रामच्या फाइलमध्येच असतं.

लिनक्सवरच्या चालत्या प्रोग्रामची फाइल ईएलएफ स्वरूपाची असते. लोडरला लागणारी माहिती तिच्या एका विभागात असते आणि तिथे ‘नीडेड’ नावाच्या नोंदी असतात, एका नोंदीत एक लायब्ररी. डेबियन १२ मधला कर्ल हा प्रोग्राम घ्या. ‘ऑब्जडम्प’ ही कमांड ‘पी’ पर्याय देऊन त्याच्यावर चालवली, की अशा तीनच नोंदी दिसतात: लिबकर्ल.एसओ.४, लिबझेड.एसओ.१ आणि लिबसी.एसओ.६. शेवटचा आकडा महत्त्वाचा. लायब्ररीत असा बदल झाला की जुने प्रोग्राम तिच्याबरोबर चालणार नाहीत, तर तो आकडा बदलायचा असतो. २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं तेव्हा लिबएसएसएल.एसओ.१.१ ची जागा लिबएसएसएल.एसओ.३ ने घेतली, आणि जुन्या नावावर बांधलेले प्रोग्राम पुन्हा बांधावे लागले.

बरेच जण या कामासाठी ‘एलडीडी’ वापरतात. त्याच कर्लवर ती चालवून पाहा, पानभर यादी येते. लायब्रऱ्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या, त्यांनाही लागणाऱ्या आणखी, असं सगळं झाड ती उलगडून दाखवते. शिवाय काही परिस्थितीत ती तो प्रोग्राम खरोखर चालवू शकते. म्हणून भरवशाच्या नसलेल्या फाइलवर ती वापरू नका, असं तिच्या मॅन्युअलमध्येच बजावलेलं आहे. पॅकेजच्या ओळीत हे झाड उतरवू नये. मराठी मजकूर दाखवणारा एखादा एडिटर पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीवर बांधलेला असेल, तर जोडाक्षरं जुळवण्याचं काम पँगोच्या आत हार्फबझ ही दुसरी लायब्ररी करते. पण हार्फबझ लागतं हे सांगणं पँगोच्या पॅकेजचं काम आहे. एडिटरने फक्त पँगोचं नाव घ्यावं, म्हणजे पँगोच्या आत उद्या काहीही बदललं तरी एडिटरची ओळ खोटी पडत नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने मात्र पूर्ण झाड पाहावंच लागतं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाच्या लिबएलझेडएमए लायब्ररीतला चोरदरवाजा उघड केला; त्याचा रोख दूरच्या मशीनवर लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचवर होता. ओपनएसएसएचच्या मूळ कोडचा लिबएलझेडएमएशी काही संबंध नव्हता. डेबियनसारख्या वितरणांनी सिस्टमडीला निरोप देण्यासाठी त्यात लिबसिस्टमडी जोडली होती, आणि तिच्या मागून लिबएलझेडएमए आत आली होती.

आता फाइलच्या नावावरून पॅकेजचं नाव काढायचं. हेही तर्काने जमत नाही. लिबझेड.एसओ.१ ही फाइल ‘झेडलिब१जी’ या पॅकेजात असते; त्यातला ‘जी’ नव्वदच्या दशकात जुनी सी लायब्ररी जाऊन ग्लिबसी आली तेव्हापासूनचा. वेळेचा आकडा जुन्या जागेत मावेनासा होण्याची २०३८ सालची अडचण टाळण्यासाठी डेबियनने २०२४ मध्ये कितीतरी पॅकेजांच्या नावांना ‘टी६४’ जोडलं. लिबकर्ल४ चं लिबकर्ल४टी६४ झालं, आतल्या फाइलचं नाव तेच राहिलं. म्हणून ‘डीपीकेजी’ ही कमांड मोठ्या ‘एस’ पर्यायासह देऊन सिस्टमलाच विचारायचं, की ही फाइल कोणत्या पॅकेजची.

डेबियनमध्ये हे सगळं ‘डीपीकेजी-शलिबडेप्स’ करतं, आणि त्याचं खरं मोल पुढच्या पायरीत आहे. प्रोग्राम लायब्ररीतली कोणकोणती फंक्शनं वापरतो ते हे साधन पाहतं. लायब्ररीच्या पॅकेजाबरोबर ‘सिम्बल्स’ नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक फंक्शनपुढे ते कोणत्या आवृत्तीपासून मिळतं हे लिहिलेलं असतं. वापरलेल्या फंक्शनांपैकी ज्याला सर्वांत नवी आवृत्ती लागते, तीच किमान अट ठरते. कर्लच्या ओळीत ‘लिबसी६, २.३४ किंवा पुढची’ असं येतं ते यामुळे. प्रोग्रामचं मेन फंक्शन सुरू करून देणाऱ्या फंक्शनचं नवं रूप ग्लिबसी २.३४ मध्ये आलं, आणि त्यानंतर बांधलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तेच मागतो. सिम्बल्स फाइल नसेल तर ‘शलिब्स’ ही साधी फाइल वाचली जाते. जोडलेल्या लायब्ररीतलं एकही फंक्शन वापरलेलं नसेल तर हे साधन तसंही सांगतं. ती सूचना नजरेआड करू नये. लिंकरला ‘ॲज-नीडेड’ पर्याय दिला की असली फुकटची नोंद गळून पडते.

एका ठिकाणी मात्र फाइल काहीच बोलत नाही. प्रोग्राम चालू असताना ‘डीएलओपन’ने उघडलेली लायब्ररी नीडेड नोंदींत येत नाही. प्लगइन बहुधा असेच उघडतात. सिस्टमडीच्या २५६ व्या आवृत्तीपासून लिबसिस्टमडीही लिबएलझेडएमए अशीच उघडते, आणि अशा लायब्रऱ्यांची टीप ईएलएफ फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत त्याच आवृत्तीत आली. ती सगळीकडे पाळली जात नाही, तोवर सोर्समध्ये डीएलओपन शोधायचं आणि सापडलेली नावं हातानेच लिहायची. मग फक्त मूळ डेबियन असलेल्या रिकाम्या कंटेनरमध्ये आपलं पॅकेज बसवून त्याची प्रत्येक सोय एकदा चालवून पाहायची. काही अडलं तर ‘एसट्रेस’ लावला की प्रोग्राम कोणती फाइल शोधत होता ते ओळीने दिसतं.