घरच्या शाळेसाठी तेरची पुस्तिका

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांनी स्वतः लिहून छापावा, असा तेर हा भरगच्च विषय आहे.

इतिहास-भूगोल : तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ते पैठणच्या पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदरावर जाई. ही वाट मुलाला नकाशावर आखू द्या.

पाहणी : त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. तिथे एक वीट पट्टीने मोजून वहीत नोंदवायला सांगा. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली दाखवा. तिचे चित्र मुलानेच काढावे. फोटो छापायचा तर आधी परवानगी घ्या.

हस्तकला : तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचे गाव, म्हणून मातीचा धडा हवाच. ओल्या गोळ्यावर अंगठा दाबून पणती करता येते.

छपाई : मधोमध पिन मारायची तर पाने चारच्या पटीत ठेवा. ए-फोरचे ४ कागद दुमडले की १६ पानी पुस्तिका होते.

आयएसबीएन : राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो.

हक्क : १९५७च्या कायद्यानुसार लिहिताक्षणी लेखकाचा, नोंदणी सक्तीची नाही. मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

जमा प्रत : १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते.

पुस्तिकेची शेवटची दोन पाने कोरी सोडा. तिथे मूल स्वतःचे तेर लिहील.