डायनासोरच्या पायाखालचे गवत

मुलांच्या चित्रपुस्तकातला डायनासोर बहुधा परदेशातून आलेला असतो. मागे शंकूसारखा धुमसता ज्वालामुखी, पायाखाली उघडी माती आणि शेजारी अंड्यांवर माया करणारी आई. माळव्यातल्या मुलासाठी हेच पुस्तक काढायचे ठरवले, तर यातली प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावी लागेल.

आधी ज्वालामुखी. देवासची चामुंडा टेकडी, मांडूचे पठार आणि आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचे आहेत, तो लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. तेव्हा शंकू पुसून टाकायचा आणि भेग काढायची.

मग माती. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. २००५ मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोर संपल्यावरच गवत फोफावले, हा तोवरचा समज त्याने हलवला. म्हणजे इथल्या डायनासोरच्या पायाशी गवताचे चार ठोंब शोभतील. क्रिकेटच्या मैदानासारखी हिरवळ मात्र नको. तिला पुरावा नाही. आणि विष्ठेत सापडलेला पुरावा म्हटल्यावर दुसरी-तिसरीचा वर्ग पुस्तक खाली ठेवणार नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

खरी मेजवानी धार जिल्ह्यात आहे. बाग-कुक्षी भागातल्या लमेटा नावाच्या खडकांत टायटनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचा निबंध जानेवारी २०२३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. हर्षा धिमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांच्यासह त्याच्या लेखकांत धार जिल्ह्यातल्याच बाकानेरच्या शाळेतले शिक्षक विशाल वर्मा आहेत. अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. हे माप चित्रकाराच्या पथ्यावर पडते: अंडे पानावर खऱ्या आकारात काढता येते आणि मुलाला त्यावर पंजा ठेवून पाहता येतो. 'प्रचंड', 'अवाढव्य' या विशेषणांची मग गरज उरत नाही. चाळीस फुटी जनावराचे अंडे एवढेसेच, हे नवल मुलाच्या हाताला आपोआप कळते.

याच निबंधामुळे मायाळू आईचे चित्रही बाद होते. घरटी इतकी जवळजवळ आहेत की अवजड मादीला मधून फिरायला वावच नव्हता. ती उथळ खड्ड्यांत अंडी घालून निघून जात असावी, असे संशोधकांचे म्हणणे आहे. इथे लेखकाचा हात कचरतो. मुलांना वाईट वाटेल म्हणून आईला परत आणावेसे वाटते. माझ्या मते आणू नये. पण 'असावी' हा शब्द पुस्तकात राहू द्यावा. आठ वर्षांच्या मुलाला तो पेलतो.

आई नसली तरी गोष्टीला नाट्य कमी पडत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरीला एक घरटे मिळाले. त्यातली हाडे आधी पिल्लाचीच वाटली होती. पुढे जेफ्री विल्सन यांना त्यात सापाचे मणके दिसले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू! हा शोध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेच दगड, पाहणारा डोळा बदलला की चित्र बदलते. समोरासमोरच्या दोन पानांवर हे दाखवता येईल: डावीकडे खडक जसा सापडला तसा, उजवीकडे त्यावरून काढलेला अंदाज.

अशी मांडणी या मुलखाला नवी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाची 'बाल वैज्ञानिक' पुस्तके तयार उत्तर देत नसत. प्रयोग करा, पाहा, चित्र काढा, मग लिहा, असा त्यांचा खाक्या. परीक्षेतही पुस्तक उघडायची मुभा. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने हे काम पुढे नेले, देवासला केंद्र चालवले आणि १९८५ पासून मुलांसाठी 'चकमक' मासिक काढले. मध्य प्रदेश शासनाने २००२ मध्ये होशंगाबादचा कार्यक्रम शाळांतून बंद केला. पुण्याच्या 'शैक्षणिक संदर्भ' या नियतकालिकाने मात्र 'एकलव्य'च्याच 'संदर्भ' या हिंदी नियतकालिकाचा धागा मराठीत आणला.

आता पुस्तकाची भाषा. धार आणि देवास ही मराठा पवारांची संस्थाने होती. इथल्या मराठी घरांतली मुले शाळेत हिंदी वाचतात आणि आजीशी मराठी बोलतात. लिपी एकच असल्याने मराठी पुस्तक त्यांना अक्षरओळखीपाशी अडवत नाही. रंगीत चित्रे तीच ठेवून मजकूर तेवढा बदलला, तर छपाईचा खर्चही दोन भाषांत वाटला जातो. 'नेहरू बाल पुस्तकालय' या मालिकेतली पुस्तके अशीच अनेक भाषांत निघत आली आहेत.

या पुस्तकात आणखी एक पान हवे. डिसेंबर २०२३ मध्ये बागजवळच्या पाडल्या गावची बातमी आली: शेतात सापडणारे गोल दगड लोक भैरव म्हणून पुजत होते, शेताचे नि गुरांचे रक्षण करणारा देव म्हणून; तज्ज्ञांनी ती डायनासोरची अंडी असल्याचे सांगितले. 'अडाणी लोक फसले' अशा सुरात हे पान लिहिले, तर पुस्तक वाया जाईल. हे दगड साधे नाहीत, एवढे त्या शेतकऱ्यांनी कधीच हेरले होते. पानावर नारळ, शेंदूर आणि अंड्याच्या कवचाचा भिंगाखालचा छेद शेजारी शेजारी काढावेत, आणि खाली विचारावे: तुमच्या शेतात, अंगणात, टेकडीवर असा कोणता दगड आहे?